आधी शेवटचा बाक गाऊ द्या

रविवारी उपासनेत गाणे सुरू झाले की एकदा मागे वळून बघा. पुढे क्वायर रंगात आलेली असते. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तीन माईक, भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेले शब्द. पहिल्या दोन बाकांवर ओठ हलताना दिसतात. शेवटच्या बाकावरच्या बाया मात्र गप्प. त्यांना गाणे येत नाही म्हणता? याच बाया लग्नघरी एकमेकींच्या कमरेत हात घालून रात्र रात्र रेला हे नाचातले गाणे म्हणतात. मग चर्चच्या दारातून आत आल्यावरच त्यांचा आवाज कुठे जातो? तो क्वायर चालवणाऱ्याने घालवलेला असतो. संगीतसेवेच्या पुढाऱ्याचे पहिले काम मंडळीला गायला लावणे. ते जमत नसेल तर त्याचा गळा कितीही गोड असो, सेवा झाली नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हे काम अवघड आहे, हे मान्य. बल्लारपुरात कागद कारखान्याने आणि आसपासच्या कोळसा खाणींनी तेलुगू, मल्याळी, हिंदी बोलणारी माणसे आणली. सिरोंचाला तर बाजारातसुद्धा तेलुगूच ऐकू येते. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली वसाहती, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया गोंडी, आणि बाकीच्या पट्ट्यात झाडीबोली. एका मंडळीत चार भाषांची माणसे बसतात आणि चौघांनाही एकाच पुस्तकातून गायला सांगितले जाते.

चर्चही इथे बाहेरून आले. एकोणिसाव्या शतकात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आले, ते आपली स्तोत्रे आणि चाली घेऊन. 1962 मध्ये रोमने हा मुलूख केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला आणि 1977 मध्ये चांदा धर्मप्रांत झाला. त्याचे कॅथेड्रल बल्लारपूरला आहे. म्हणजे पूर्व सीरियाई परंपरेची उपासना वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन पोचली. तिसरी लाट आता मोबाइलमधून येते आहे: मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली हिंदी वर्शिप गाणी. तिन्हींचा विश्वास खरा. पण तिन्ही वेळा गाणे बाहेरून आले आणि बाकावरच्या माणसाने ते नुसते ऐकून घेतले.

मराठी ख्रिस्ती समाजाला यावरचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सापडले होते. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांतून, भजनांतून ख्रिस्त गायला. त्यांची गीते 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आजही म्हटली जातात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती तोंडपाठ होतात, कारण चालीचे वळण त्याच्या ओळखीचे असते. पण इथेच आपले लोक थांबतात. टिळकांचा अभंग हा वारीच्या मुलखातल्या कानाला घरचा. भामरागडच्या माडिया बाईला तो स्कॉटिश स्तोत्राइतकाच परका. टिळकांची गीते जरूर जपा. पण त्याहून महत्त्वाची त्यांची रीत, आणि ती आपण उचललीच नाही. टिळक इथे असते तर त्यांनी गोंडी शिकायला घेतली असती, याबद्दल मला शंका नाही.

रेला कसा चालतो ते एकदा नीट बघा. बाया रांग धरतात. पुढची ओळ टाकते, मागच्या ती उचलतात. पुस्तक नको, पडदा नको. ओळ छोटी, फिरून फिरून येणारी, पावलावर बसलेली. नवीन पोरगी रांगेत शिरली तरी तिसऱ्या फेरीला तिला गाणे येते. सगळ्यांना गायला लावण्याची याहून चांगली पद्धत कुठल्या संगीत विद्यालयात शिकवतील? आणि ही पद्धत आपल्या अंगणात असताना क्वायरमास्टर मोबाइलमध्ये डोके घालून बसतो.

आदिवासी गाणे चर्चमध्ये येतच नाही असे नाही. येते, पण कधी? बिशप येणार असले की. फाटकापासून मंडपापर्यंत ढोल वाजतात, मुली रांगेने नाचतात, फोटो निघतात. वेदीपाशी पोचले की ढोल बाहेर आणि कीबोर्ड सुरू. गाणे स्वागताला चालते, प्रार्थनेला चालत नाही. हा सरळ सरळ अपमान आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेतही योग्य स्थान द्यावे. साठ वर्षे उलटून गेली.

मात्र चाल उचलताना विचारायला हवे. गोंडी आणि माडिया समाजात काही गाणी पेनची म्हणजे देवांची असतात, काही मरणाची, काही लग्नाची. जी चाल समाजाने एखाद्या विधीसाठी राखली आहे ती काढून तिच्यावर आपले शब्द चिकटवू नयेत. गावातल्या जाणत्या माणसांपाशी बसावे, कोणती चाल मोकळी आहे ते विचारावे. यात वेळ जाईल. जाऊ द्या.

आता पट्टीबद्दल, कारण निम्मे नुकसान तिथे होते. व्हिडिओत गाणे ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत क्वायर ते उचलते. धृपद कसेबसे निभते. अंतऱ्याला तार सप्तकात जायचे आले की आधी म्हातारे गळतात, मग बाया, मग उरतो फक्त माईकवाला. त्याला वाटते आपण टिपेचा सूर लावला. अरे बाबा, तू मंडळीला गप्प केलेस! कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण असते. दोन स्वर खाली या. तुझा गळा चमकणार नाही, पण साठीतली आजी शेवटच्या ओळीपर्यंत सोबत राहील.

गळा चमकवण्यात पाप नाही. त्यासाठी जागा आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, वडशाहून मंडळ्या गावोगाव जातात, ऑर्गन-तबल्यावर रात्रभर नाट्यगीते रंगतात. तिथे प्रेक्षक तिकीट काढून ऐकायला येतो, वन्स मोअर देतो, आणि गायकाने तो अभिमानाने घ्यावा. उपासनेत प्रेक्षक नसतो. संत ऑगस्टीन आपल्या कबुलीजबाबात लिहून गेला आहे की, गाण्यातल्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण जास्त हेलावलो तर ते त्याला स्वतःचे पाप वाटे. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून तर देवाने लोकांच्या गाण्यांचा गोंगाट दूर करायला सांगितला, कारण गाणाऱ्यांच्या गावात न्याय उरला नव्हता. हे दोन्ही उतारे क्वायरच्या सरावाआधी वाचायला हवेत.

पण आपल्याकडे सराव सुरू होतो कशाने? शनिवारी रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी विचारतो, उद्या कोणती गाणी? दुसरा तीन लिंक टाकतो. झाले. उद्याचे शास्त्रवाचन कोणते, कोणी उघडून पाहिलेले नसते. लेंटच्या रविवारी जल्लोषाचे गाणे वाजते आणि कोणाला काही वाटत नाही. पुढाऱ्याने बुधवारीच वाचन काढावे, त्यावर दोन दिवस प्रार्थना करावी, मग गाणे निवडावे. पहिल्या इतिहासाच्या 25 व्या अध्यायात दाविदाने परमेश्वराच्या मंदिरातल्या सेवेसाठी नेमलेल्या 288 गायकांचा हिशेब आहे. ती सगळी प्रभूसाठी गाण्यात तयार झालेली माणसे होती, आणि त्यांच्या कामाला तिथे संदेश देणे म्हटले आहे. ज्याला संदेश द्यायचा आहे त्याला तो आधी माहीत हवा.

तरुण पोरे जुन्या गाण्यांना येणार नाहीत, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. पोरांना कामच दिले नाही तर ती नुसती वाजवायलाच येणार. त्यांना आजीकडे पाठवा. मोबाइलवर तिची चाल टिपू द्या. गोंडीत, झाडीबोलीत चार ओळी रचू द्या, पाळकांकडून तपासून घ्या. सिरोंचाच्या पोरांना शेजारच्या तेलुगू मंडळ्यांतली कीर्तने ऐकू द्या; आंध्र-तेलंगणात ख्रिस्ती कीर्तनांची परंपरा जुनी आहे आणि ती दाराशी आहे. विदर्भाला समूहगान नवे नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावेच्या गावे गायला लावली आणि सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या चौकाचौकात नेली. एक खंजिरी आणि पाठ झालेले शब्द, एवढ्यावर.

साधनांचेही बोलू. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र 2920 मेगावॅट क्षमतेचे आहे, तरी दक्षिण गडचिरोलीतल्या गावात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा दिवशी कोणी गेले, तर मातीच्या वेळी गाणार कोण? कीबोर्ड तिथे पोचत नाही आणि क्वायरही बहुधा पोचत नाही. दफनाला, आजाऱ्याच्या खाटेपाशी, ओल्या अंगणात जी संगीतसेवा उभी राहत नाही, तिला मी सेवा म्हणणार नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सिला मध्यरात्री गायले तेव्हा त्यांचे पाय खोड्यात अडकवलेले होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते.

तेव्हा पाळकांना, फादरना आणि चर्च समित्यांना विनंती आहे. यंदा नवी साउंड सिस्टिम घेण्याचा ठराव बाजूला ठेवा. त्यातला थोडा पैसा गावातल्या ढोलकऱ्याला आणि गाणाऱ्या दोन बायांना मानधन म्हणून द्या आणि क्वायर त्यांच्याकडे शिकायला पाठवा. नाताळला एक तरी गाणे गोंडीत, त्यांच्या चालीवर, उपासनेच्या मधोमध होऊ द्या. सराव धानकापणीच्या आधी सुरू करा. कापणी लागली की कोणाला उसंत नसते.