दयाबेन येणार म्हणे!

"काकू, काल बघितलंत?"

"बघितलं की. साडेआठ वाजले की ह्यांचा हात आपोआप रिमोटवर जातो. बघायचं आणि नावं ठेवायची. 'आता यात काही राम राहिला नाही' म्हणत म्हणत भाजी तीनदा वाढून घेतात."

आमच्या कॉलनीत 'बघितलंत का' म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. २८ जुलै २००८ ला 'तारक मेहता का उल्टा चश्मा' सुरू झाली तेव्हा माझी लेक बालवाडीत होती. आता ती नोकरी करते आणि मालिका चार हजार भागांच्या पलीकडे गेली. गिनीज बुकात नाव लागलं. पण गेली काही वर्षं कुंपणापाशी मालिकेचं कौतुक कमी आणि पंचनामा जास्त होतो.

"एवढ्या शिव्या घालता, मग बंद का नाही करत?"

"आणि लावायचं काय? दुसरीकडं कुणीतरी कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळत असतं. इथं निदान नातवंडांना घेऊन जेवायला बसता येतं. पण एक सांगते, जेठालालची बायको दया गेली तिथंच ती मालिका संपली."

काकूंचं हे वाक्य ठरलेलं आहे. मला ते पटत नाही, आणि काकूंना मला पटत नाही हे ठाऊक आहे. म्हणून तर गप्पा चालतात.

"अहो, माणसं काय एकटी दयाच गेली का? तिचा टप्पू तिसरा चाललाय. भिडेची सोनू चौथी. अंजली बदलली, सोढी बदलला. खुद्द तारक मेहता बदलले! शैलेश लोढा गेले, २०२२ मध्ये सचिन श्रॉफ आले. ज्याच्या नावावर मालिका तो माणूस बदलला, आपण आठ दिवस नाक मुरडलं आणि नवव्या दिवशी विसरलो."

"डॉक्टर हाथी नाही विसरले मी. कवी कुमार आझाद गेले त्या दिवशी घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं होतं."

ते खरं होतं. आझाद जुलै २०१८ मध्ये वारले. त्यांच्या जागी निर्मल सोनी आले, जे अगदी सुरुवातीला हाथी होतेच. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये घनश्याम नायक गेले. त्यांचे नट्टू काका वर्षानुवर्षं जेठालाल शेठजींकडं पगारवाढ मागत राहिले. नवे नट्टू काका आले, तरी पगाराचा विषय निघाला की आमच्या घरी अजून जुन्यांचीच आठवण निघते.

"तेच म्हणते मी काकू. सगळ्यांच्या जागा भरल्या. दयाची तेवढी भरली नाही, आणि मोकळी आहे असंही कुणी सांगितलं नाही. दिशा वाकाणी २०१७ च्या सप्टेंबरात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. तिथपासून दया अहमदाबादला माहेरी. नवरात्र आलं की दया येणार. दिवाळी आली की दया येणार. तिचा भाऊ सुंदर येतो, बहनाला घेऊन येतो म्हणून सांगतो, जेठालालच्या खिशाला चाट लावतो आणि जातो."

"तो सुंदर तिचा सख्खा भाऊ ना गं? खऱ्यातला?"

"हो, मयूर वाकाणी. म्हणून तर त्याच्या तोंडी ते आणखी खरं वाटतं. आठवतं का, २०२३ ची दिवाळी? गोकुळधाम सोसायटी सजवली, जेठालाल डोळे लावून बसला, आणि दया काही आली नाही. तेव्हा लोक एवढे चिडले की मालिकेवर बहिष्कार टाका म्हणाले. निर्माते असित मोदींना खुलासा करावा लागला."

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी कुंपणावरून माझ्या हातात दिली आणि आवाज उतरवला. (आवाज उतरवला की काकू सर्वांत खरं बोलतात.)

"मला सांग, आपल्या कॉलनीत कुणाची बायको आठ-आठ वर्षं माहेरी राहिली असती, तर आपण काय काय बोललो असतो?"

मी हसले खरी, पण काकूंनी मुद्द्यालाच हात घातला होता. गोकुळधाममध्ये कुणीच काही बोलत नाही! सोसायटीत कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचीही चर्चा व्हायची, त्या सोसायटीत एक माणूस इतकी वर्षं बायकोविना राहतो, आणि बाकीचे नुसती सहानुभूती दाखवतात. ही सोसायटी राहिली नाही, शोकसभा झाली. आणि त्यात जेठालालचं फार नुकसान झालं. दिलीप जोशींचा सगळा खेळ अडकण्यात होता. दुकानातली नुकसानी एकीकडं, वडील बापूजींचा धाक दुसरीकडं, बबिताजी समोरच्या गॅलरीत, आणि या सगळ्यात नको तिथं नको ते भाबडेपणानं बोलून टाकणारी दया. तो तिच्यावर ओरडायचा, तिला त्यातलं काही लागायचं नाही, ती उलट गरबा करायची, आणि आपण त्याच्यावर हसायचो. आता तो कुणावर ओरडणार? दया नसलेला जेठालाल बिचारा दिसतो, आणि बिचाऱ्या माणसावर हसायला आपल्याला जड जातं.

"मग पोपटलालचं काय?" काकू म्हणाल्या. "त्याचंही लग्न होता होता राहतं. ते नाही खुपत मला."

"कारण ते मोडणारच आहे हे आपल्याला ठाऊक असतं. छत्री घेऊन निघाला की कळतं, आता काहीतरी घोळ होणार. तिथं मोडण्यातच गंमत आहे. दयाचं तसं नाही. तिथं आपल्याला शब्द दिला होता."

"बरोब्बर!" काकू म्हणाल्या. काकूंकडून एवढं पहिल्यांदाच ऐकलं.

माझ्या लेकीचं मत आणखी वेगळं. ती नवीन भाग बघतच नाही. मोबाइलवर जुनेच बघते. ती म्हणते, आधी ही माणसं चुकायची. जेठालाल थापा मारायचा, पकडला जायचा, टप्पू काच फोडायचा, भिडे तावातावानं भांडायला यायचा. आता सगळे शहाण्यासारखे वागतात, आणि प्रसंगाच्या शेवटी कुणीतरी हात जोडून उपदेश करतो. तिच्या या बोलण्यावर मला उत्तर सुचलं नाही. उपदेश मालिकेत पहिल्यापासून होता, पण तो आधी पोटभर हसवून मग यायचा.

"आपला भिडे मात्र आहे तसाच आहे हं," काकूंनी बाजू घेतली. "त्याला काही बोलायचं नाही."

नाहीच बोलणार. भिडे झालेले मंदार चांदवडकर आणि त्याची माधवी झालेल्या सोनालिका जोशी पहिल्या दिवसापासून आहेत. एकमेव सेक्रेटरी, 'सखाराम' स्कूटर, शिकवण्या, आणि माधवीचं लोणचं-पापड. मराठी घर हिंदी मालिकेत इतकी वर्षं रोज दिसतंय, हे काही थोडं नाही. काकूंना एक नवीन बातमी मी दिली: तो तमिळ शास्त्रज्ञ अय्यर आहे ना, तो तनुज महाशब्दे, आपल्यातलाच.

"काय सांगतेस! आणि मी इतकी वर्षं त्याला इडलीवर वाढलेला समजत होते. पण त्या बापूजींना मी अजून माफ केलेलं नाही. मुंबईची भाषा हिंदी म्हणे! गोरेगावात राहून?"

ते मार्च २०२० चं. मनसेनं हरकत घेतली, असित मोदींनी माफी मागितली, मालिकेतही चूक सुधारली गेली. काकूंच्या वहीत ते खातं अजून उघडं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी फक्त मराठी वाहिनीवर 'गोकुळधामची दुनियादारी' या नावानं ती मराठीत येऊ लागली होती. तेव्हा काकूंनी चार दिवस बघून सोडून दिली. सगळेच मराठी बोलायला लागल्यावर भिडेचं वेगळेपण काय राहिलं, हा त्यांचा सवाल. बिनतोड होता.

"पण एक आहे," मी म्हटलं, "२०२५ मध्ये ते भुताटकीचं कथानक आणलं, तेव्हा मालिका पार पहिल्या नंबरावर गेली होती."

"त्या भुताला आम्हीच नेलं वर. रोज बघायचो. त्या दिवसांत जेठालाल आणि बबिता दिसेनात, तर लगेच आवई उठली, तेही सोडून गेले म्हणून. आमच्या ह्यांना रात्री झोप नाही."

त्यानंतर राजस्थानचं एक नवं कुटुंब सोसायटीत राहायला आलं, साडीचं दुकान घेऊन. मला ते आवडलं. नवं बिऱ्हाड आलं की सोसायटी जागी होते. हे सुचायला मालिकावाल्यांना एवढी वर्षं लागावीत, याचंच नवल.

काकूंची ओळख तर मालिकेच्याही आधीची. त्या मुलुंडला होत्या तेव्हा शेजारच्या गुजराती बाई 'चित्रलेखा'तलं लेखक तारक मेहतांचं सदर त्यांना वाचून दाखवायच्या. सदर १९७१ पासूनचं. मालिका त्यावरूनच निघाली. त्यामुळं त्या स्वतःला या विषयातल्या जाणकार समजतात.

"आपले टिपरे बघ," त्या म्हणाल्या. "'श्रीयुत गंगाधर टिपरे' हवेसे वाटत होते तेव्हाच थांबले. म्हणून अजून नाव काढतो आपण."

"पण टिपरे आठवड्यातून एकदा यायचे काकू. हे रोज येतात. रोज येणाऱ्या माणसाला थांब म्हणणं अवघड असतं. मी म्हणते, थांबू नका. फक्त दयाचा निकाल लावा. असित मोदी २०२५ च्या सुरुवातीला स्वतःच म्हणाले ना, दोन मुलांची आई झालेल्या दिशाताईंना परतणं आता अवघड आहे. मग ते मालिकेतही सांगून टाका. नाहीतर नवी दया आणा. आम्ही चार दिवस बोंब मारू, पाचव्या दिवशी बघू. तिसरा टप्पू चालवून घेतला, दुसरी दयाही चालवून घेऊ. पण पुढच्या नवरात्रात 'दया येणार' म्हणून पुन्हा दारात रांगोळी काढू नका."