किल्ला सर करण्याची रीत : वय वर्षे साठ व त्यापुढील मावळ्यांसाठी

मोहिमेची पूर्वतयारी म्हणून घरातला वजनकाटा पलंगाखाली ढकलून द्यावा. त्यासाठी जमिनीवर बसावे लागेल. हात न टेकता परत उठता आले, तर तयारी पूर्ण झाली असे समजावे. न आल्यास तिथूनच हाक मारावी, आणि उचलायला येणाऱ्याला मोहिमेची निकड समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

मग भाईंदर पश्चिमेहून चौक गावाची बस धरावी. खिडकीची जागा मिळाली म्हणून हरखू नये. लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांवरचा जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, असे त्यात निघाले. पुढे गणवेशाच्या पॅंटींची मापेही तपासली, तर कंडक्टर सडपातळ असो की ढेरपोट्या, ड्रायव्हरापेक्षा तो सुखरूपच. सबब, ढेरीसकट यावे. ढेरीचे वेगळे तिकीट नाही.

चौकला उतरल्यावर धारावीच्या किल्ल्याची वाट विचारावी. (मुंबईची धारावी वेगळी, तिथे उतरलेल्यांनी घरी फोन करावा.) मार्च १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, वसईच्या खाडीचे तोंड आवळले गेले आणि मे महिन्यात वसई पडली. अप्पा तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. आपले वय दुप्पट, म्हणून हा लहानसा चढ दुप्पट वेळात चढण्याची सवलत आहे. मात्र चढायचाच. रिक्षा कुठपर्यंत जाते, ही चौकशी फितुरीत मोडते.

चालण्याचा वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. आपल्यापैकी काहींच्या बाबतीत हा नियम इतरांच्याही हिताचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. एवढा वेळ एकट्याने काढणे अवघड, तेव्हा भांडायला एक जोडीदार न्यावा. जावई, पेन्शन आणि पालिकेचे पाणी या तीन विषयांवर आठवडा सहज निघतो, आणि माझ्या मते निम्मा गुण या भांडणाचाच असतो. विसरभोळ्यांनी तर वाट अजिबात चुकवू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठ होते. वर्षभर नेमाने चाललेल्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला; नुसते स्नायूंना ताण देणाऱ्यांचा आक्रसला. दोन टक्क्यांत चष्मा सापडेलच, याची हमी कुणी दिलेली नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर, कड्यापासून लांब, जोडीदाराच्या हाताशी राहून दहा सेकंद एका पायावर उभे राहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांकडून हे करवून घेतले, तेव्हा साधारण पाचातल्या एकाला जमले नाही. हसण्यावारी नेऊ नये. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते तोल गेल्यावर, आणि न्हाणीघरात काटा किती किलो दाखवतो याला कुणी विचारत नाही. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर मोहीम तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा. तहाची बोलणी करू नयेत.

उतरताना बंदराकडे वळावे. बोंबील वाळत घालणाऱ्या आज्या दिसतील. वाकून पाटीतून उचलायचे, हात उंचावून बांबूवर टांगायचे, पुन्हा वाकायचे. त्यांना हे मार्गदर्शन वाचून दाखवू नये. दाखवल्यास काय ऐकावे लागते ते छापण्यासारखे नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. ती सूट या मोहिमेला लागू नाही. पाऊस असेल त्या दिवशी घरीच भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीशी बांधून, उठावे आणि बसावे. वय झाले ही सबब १९९० सालीच बाद झाली आहे : बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांनी वजने उचलून घेतली, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. खुर्ची दणकट लाकडी निवडावी. प्लास्टिकची मोडली तर सूनबाई आपल्या मांड्यांचे नव्हे, खुर्चीचे विचारतील.