कोनसेट

अप्पा प्रत्येक गावात असतात. तुम्ही गाडी स्टँडवर लावेपर्यंत त्यांची तिच्याभोवती एक फेरी झालेली असते, आणि निदानही. आमच्या धारूरचे अप्पा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले, हातातला पाना मात्र झाला नाही. त्यांच्या मते दुचाकीला रोग एकच: कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतल्या वाट्या आणि गोळ्या.

घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की टकटक वाजतं? कोनसेट. हँडल डावीकडं ओढायलंय? कोनसेट. माझ्या मेव्हण्याची स्प्लेंडर पंक्चर होऊन उभी होती. टायरमध्ये खिळा स्वच्छ दिसत होता. अप्पा म्हणाले, "गाडी सरळ चालली असती तर खिळ्यावर गेली कशाला असती? कोनसेट बघा."

तपासणीचा थाट बघण्यासारखा. गाडी मेन स्टँडवर, मागं वजन म्हणून मला बसवायचं, पुढचं चाक अधांतरी. शॉकप धरून मागं-पुढं हलवायचं, मग एका बोटानं हँडल फिरवायचं. ते मध्यावर किंचित अडलं, की अप्पांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा उजळतो. "गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. आता कितीबी आवळा, गाडी डुलणारच." (हे मात्र खरं असतं. आणि जास्त आवळलं तरी गाडी डुलतेच.)

पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हा "मुलगा मध्यावर अडायलाय" हे अप्पांचंच निदान. आमच्या पुढाऱ्यानं पक्ष बदलला तेव्हाही. त्याचं हँडल तर कुठंच अडत नव्हतं, म्हणजे नट पार सैल.

स्वतःची राजदूत मात्र या नियमातून सुटलेली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बेतलेली ती 175. पार्ट मिळेनात म्हणून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं बुश अप्पा अंबाजोगाईला लेथवर वळवून आणतात. मागून बघितलं तर तिचं मागचं चाक वेगळ्याच गावाला निघालेलं.

दसरा झाला की मजूर ऊसतोडीला निघतात. काही जोड्या गाडीवरच. टाकीवर लेकरू, मागं बायको, तिच्या मांडीवर भांड्यांचं बोचकं, आणि समोर घाट. परवा असाच एक पोरगा थांबला. अप्पांनी गपचूप मागचं चाक खोललं, चिमट्याचं बुश नवं घातलं, साखळी ओढून दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या केल्या, हवा भरली. पोरानं उचलीतल्या नोटा काढल्या.

"कोनसेटचा नट सैल होता. नट आवळायचे काय पैसे घ्यायचे? जा."

गाडी वळणाआड गेल्यावर मी म्हणालो, "अप्पा, नवं बुश घातलं की तुम्ही."

अप्पांनी हात पुसले आणि माझ्या गाडीकडं बघितलं. "तुम्हाला पगार आहे. तुमचं खरंच कोनसेट गेलंय. तीनशे काढा."