दर्शनी भाग

सावेडीत पाइपलाइन रोडला वळलात की कुणालाही विचारा, "बाटल्यांचा बंगला कुठंय?" टपरीवाला हातातलं पान खाली न ठेवता कोपरानं दिशा दाखवतो. आमच्या घराचा पत्ता आम्ही वर्षानुवर्षं असाच सांगत आलोय: बाटल्यांच्या बंगल्यासमोर. गावाचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, कागद बदलले. आम्ही आधीही नगर म्हणत होतो, आताही नगरच म्हणतो. बाटल्यांचा बंगला मात्र या सगळ्यात जागचा हलला नाही. पार्सलवाली पोरं, गॅसवाला, लग्नपत्रिका वाटत फिरणारे पाहुणे आधी तिथं थबकतात, आ वासून बघतात आणि मग आमची बेल वाजवतात. दार उघडल्यावर पहिला प्रश्न पार्सलचा नसतो. "समोर ते काय आहे हो?" हा असतो.

समोर नाना राहतात. अख्खी कॉलनी त्यांना नानाच म्हणते, त्यामुळे आडनाव मीही सांगत नाही. शिवाय मला अजून इथंच राहायचंय. नाना एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आणि निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी बंगल्याचा दर्शनी भाग हातात घेतला. इतर लोक निवृत्तीनंतर गुडघे हातात घेतात.

तर माल असा. फाटकाच्या जाळीला लाल आणि निळ्या पाण्याच्या बाटल्या, एकाआड एक. कुंपणाच्या पायथ्याशी तशाच आणखी. आत टायर कापून केलेला हंस, त्याला पांढरा ऑइलपेंट. भिंतीवर सिमेंटचं हरीण, त्याची शिंगं गेल्यामुळे पाहुण्यांची मुलं त्याला गाढव म्हणतात आणि नाना रागावतात. फुटक्या कमोडमध्ये फोफावलेली कोरफड. कॉलनीतल्या एकीनंही केसांसाठी म्हणून ती कधी मागितली नाही. दारावर जीभ काढलेला राक्षस, त्याच्या शेजारी काळी बाहुली, खाली घोड्याची नाल. लिंबाच्या झाडाला दोऱ्यानं टांगलेल्या जुन्या सीड्या. त्यातल्या एकीवर अजून 'तीस दिवसांत इंग्रजी' असं वाचता येतं. चंदेरी रंग दिलेलं बैलगाडीचं चाक. आणि या सगळ्याच्या मधोमध, जमिनीत अर्धा गाडलेला निळा ड्रम, ड्रममधून वर आलेला पीव्हीसीचा पाइप आणि पाइपच्या टोकावर पालथी घातलेली स्टीलची परात, किंचित पूर्वेकडे कललेली.

बाटल्यांचं कोडं अवघड नाही. महाराष्ट्रात जन्मलेल्या कुणालाही ते माहीत असतं. निळ्या बाटलीत नीळ, लाल बाटलीत कुंकू, आणि उद्देश हा की कुत्र्यांनी फाटकाशी पाय वर करू नये. कुत्रं रंगाला बिचकतं, अशी समजूत. आता यात शास्त्र आडवं येतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या रंगदृष्टीवर प्रयोग करून दाखवून दिलं की माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, तर कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. कुत्र्याला निळं दिसतं, पिवळं दिसतं. लाल त्याला मळकट, काळपट काहीतरी दिसतं. म्हणजे नानांच्या निम्म्या बाटल्या कुत्र्यांच्या लेखी चहाच्या आहेत.

हे मी नानांना एकदा समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मग निळ्या तरी दिसतात ना?"

"दिसतात. पण दिसतात म्हणजे घाबरतात असं नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं? कुत्र्यानं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर कॉलनीतल्या काळ्या नावाच्या कुत्र्यानं दिलं. तो रोज सकाळी येतो, बाटल्यांची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत हुंगतो, एक पसंत करतो आणि तिच्यावरच कार्यभाग उरकतो. बहुतेक निळीवर. त्याला दोन रंग दिसतात याचा याहून चांगला पुरावा नाइट्झसाहेबांनाही मिळाला नसेल.

पण एकट्या नानांना हसण्यात अर्थ नाही. जपानमध्ये लोक मांजरांसाठी दारापुढं पाण्याच्या बाटल्या मांडतात. भिंगासारखं ऊन एकवटून त्यातून आग लागू शकते, असा इशारा तिथली अग्निशमन दलं देत असतात, तरी बाटल्या आहेतच. न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकात बागकामाचा कार्यक्रम करणाऱ्या एका गृहस्थानं एप्रिल फूल म्हणून सांगितलं की हिरवळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवा, कुत्री येणार नाहीत. लोकांनी ठेवल्या. एक तारीख उलटून गेली, बाटल्या काही उठल्या नाहीत. आपल्याकडे निदान नीळ-कुंकू घालण्याइतके कष्ट तरी आहेत.

खरी गंमत बाटल्यांच्या वर आहे. फाटकावर पाटी आहे: 'कुत्र्यापासून सावध रहा.' नानांकडे कुत्रं नाही, कधी नव्हतं. म्हणजे कुत्र्यांना कळवलंय की इकडं फिरकू नका आणि माणसांना कळवलंय की आत कुत्रं आहे. दोन्ही निरोप एकाच फाटकावर, आणि ज्याचा त्याला पोचावा अशी अपेक्षा. पार्सलवाली पोरं पाटी वाचून लांबूनच हाका मारतात. काळ्या वाचत नाही.

हे लक्षात आल्यावर मी नानांचं अंगण नव्यानं बघू लागलो. तोवर मला वाटायचं, या माणसाला सौंदर्यदृष्टी नाही. ती नाहीच, पण तो मुद्दाच नव्हता. त्या अंगणात शोभेची वस्तू एकही नाही. प्रत्येक वस्तू कुणालातरी उद्देशून आहे. बाटल्या कुत्र्यांना. सीड्या पारव्यांना, कारण चमक हलली की पाखरं बिचकतात; गावाकडं ज्वारी निसवली की शेतात चमकीच्या फिती ताणतात तोच हा प्रकार. राक्षस आणि बाहुली नजर लावणाऱ्यांना. नाल शनीला. कमोड, माझा अंदाज, कोरफड मागणाऱ्या बायकांना. हंस सुनेला, तिनं माहेरच्या बंगल्यात कारंजं आहे असं एकदा बोलून दाखवलं होतं.

आणि चाक भावकीला. त्या चाकाची हकीकत नानांकडून तुकड्यातुकड्यानं कळते. ते पाथर्डी तालुक्यातलं, नानांच्या वडिलांच्या गाडीचं. पाथर्डी-शेवगावकडची माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, अजूनही जातात. पण गाडीला लाकडी चाकं जाऊन कधीच रबरी टायर आले. वाटणीत जमीन भावांनी घेतली, विहीर चुलत्यांनी, आणि नानांच्या वाट्याला हे चाक आलं. दुसरं चाक थोरल्याकडं गेलं. ते त्यानं नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका ढाब्याला विकलं, हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी आपल्या चाकाला चंदेरी रंग दिला आणि थोरला येईल तेव्हा त्याच्या नाकासमोर दिसेल अशा जागी उभं केलं. थोरला अजून आलेला नाही. चाकाला दर दिवाळीला नवा हात बसतो. मी इथं विनोद करू शकलो असतो, पण तो रंग देताना नाना कुणाशी बोलत नाहीत.

तसं पाहिलं तर नगरला दर्शनी भागाची हौस जुनी. निजामशहांनी इथं बागा केल्या त्या पाण्याच्या मधोमध महाल उभारून. फराहबाग १५८३ मध्ये पुरी झाली, तिच्याभोवती भलामोठा तलाव. उद्देश सरळ होता, येणाऱ्याचे डोळे दिपावेत. १५४९ मध्ये याच नगरात रूमीखानानं मलिक-ए-मैदान तोफ ओतली. सुमारे ५५ टनांची तोफ, गोळा लागला की समोरचा मरणारच. पण तेवढ्यावर भागलं नाही. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेला सिंह कोरला आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती दाखवला. हा राक्षसाचा मुखवटा झाला की नाही? तोफ पुढं विजापूरला गेली, ती न्यायला १० हत्ती आणि ४०० बैल लागले असं सांगतात. नानांचा राक्षस स्टेशन रोडवरून रिक्षात आला.

लष्करानंही तीच परंपरा चालवली आहे. आमच्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. आखीव हिरवळ, फुलांचे ताटवे आणि मध्ये रणगाडे. १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन तिथं इतका शांत उभा असतो की लोक त्याच्या पुढ्यात मुलांना उभं करून फोटो काढतात. नाना तिथं पाहुण्यांना घेऊन हौसेनं जातात आणि परतताना हमखास म्हणतात, "मांडणी चांगलीये. पण बाटल्या पाहिजे होत्या."

फक्त एका बागेला कुणी बघणारं नव्हतं. १९४२ ते १९४५ नेहरू भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, तिथं त्यांनी दगडगोट्यांची जमीन खणून फुलझाडं लावली. दर्शनी भागच नाही, दर्शनाला कुणी यायचं नाही, तरी बाग. नानांना हे सांगितलं तर त्यांना ते पटलं नाही. "कोणी बघणारच नाही तर लावायची कशाला?" हा त्यांचा प्रश्न आणि त्यांच्या बाजूनं तो बिनतोड आहे.

राहता राहिला तो ड्रम.

ड्रम कुणाला उद्देशून, हे कॉलनीत कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकानं सांगितलं. सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनर मंडळींचं मत पडलं की ते बोअरचं पुनर्भरण आहे. हा तर्क नगर जिल्ह्याला शोभणाराच होता. राळेगण आणि हिवरे बाजार ज्या जिल्ह्यात आहेत तिथं जमिनीत काहीही पुरलं की ते पाणी जिरवण्यासाठीच असणार. पण पन्हाळीचं पाणी ड्रमकडं येतच नव्हतं, ते सरळ आमच्या फाटकाकडं येत होतं. कोपऱ्यावरच्या काकूंनी वास्तूचा दोष काढला. त्यांच्या मते ईशान्य कोपरा जड झाला होता आणि परात तो हलका करत होती. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं मोबाइलची रेंज वाढवायचं यंत्र म्हणून घोषित केलं, आणि खरोखर काही लोक फोन आला की परातीजवळ जाऊन बोलू लागले. आमच्या घरात बायकोचा तर्क सगळ्यात साधा होता: नानांना ड्रम टाकून द्यायचा होता आणि नानींनी टाकू दिला नाही.

माझं तर कामातलं लक्ष उडालं. लिहायला खिडकीत बसायचो ती खिडकी नेमकी परातीसमोर. ऊन वर येईल तशी परात चमकायची आणि माझं वाक्य तिथंच तुटायचं. सकाळी परात किती कललीये, संध्याकाळी किती, पाइपला नवं भोक पडलंय का, हे मला पाठ झालं होतं. नानांच्या बंगल्याला नवा रंग कधी लागला, वर आणखी एक खोली कधी चढली, हे मात्र मला रंगारी शिडी घेऊन निघून गेल्यावर कळलं.

शेवटी एका रविवारी मी रस्ता ओलांडून गेलोच. नाना बाटल्यांत कुंकू बदलत होते.

"नाना, तो ड्रम कशाला हो?"

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि इकडंतिकडं बघितलं. "तुम्हाला म्हणून सांगतो. ते काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही. जुना ड्रम, जुना पाइप, परात गळकी झाली होती. पण बघा, बाहुली लोकांना ओळखू येती. राक्षसबी ओळखू येतो. ओळखू आलं की माणूस पुढं बघतो, घराकडं बघतो. मग म्हणतो, अरे, वरचा मजला चढवला! लागली नजर. आता हे ओळखूच येत नाही. माणूस इथंच अडकतो. विचार करत उभा राहतो आणि तसाच निघून जातो." मग जरा थांबून, अगदी मायेनं: "तुम्ही तर खिडकीतच बसता."

म्हणजे ड्रम मला उद्देशून होता. इतकं चोख काम त्या अंगणात दुसऱ्या कुठल्या वस्तूनं केलं नसेल.

मी उठायला लागलो तर नानांनी दंडाला धरून बसवलं. "आता माझं एक. लई दिवस विचारीन म्हणतोय. तुमच्या दारात काय केलंय तुम्ही?"

"आमच्या? काही नाही. तुळस आहे, दोन मोगरे आहेत."

"ते दिसतंय. बाकी?"

"बाकी काहीच नाही हो."

"बाहुली नाही. नाल नाही. लिंबू-मिरचीसुद्धा नाही. आन् तुमच्याकडं कधी चोरी नाही, कुत्रं थांबत नाही, सगळं नीट." नाना माझ्या तोंडाकडं बारीक डोळ्यांनी बघत होते, त्यांनाही कितीतरी दिवस झोप लागली नसावी. "शिंगणापूर पद्धत ना? काहीच लावायचं नाही?"

शनिशिंगणापूर आमच्यापासून जवळच. तिथं घरांना दारं नसतात, कुलपं नसतात. २०११ मध्ये यूको बँकेनं शाखा काढली तीही बिनकुलपाची. जिथं काहीच लावलेलं नाही तिथं सगळ्यात मोठा बंदोबस्त, हे नगरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नानांनी हात वर करून थांबवलं. "नका सांगू. सांगायचं नसतं ते. समजलं मला."

नाना तोंडाचे पक्के आहेत, पण पेन्शनर मंडळींत बसतात. आठवड्याभरात पेपरवाल्यानं आमच्या अंगणात पेपर भिरकावणं बंद केलं. आता तो फाटकाशी सायकल उभी करतो, चप्पल काढतो आणि पेपर दोन्ही हातांनी आत ठेवतो.