मुक्काम भक्तनिवास, कारंजा

समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२० ने धावायला लागली की आमच्या भाऊजींना आपण फार सुधारलो असं वाटतं. कारंज्याला महामार्ग सोडून खाली उतरेपर्यंत ते वाटणं टिकलं.

कारंजा लाड, जिल्हा वाशीम. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गावाला चार वेशी: दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ. आम्हाला मात्र खोलीची काळजी होती, कारण मे महिना होता आणि पारा ४४ वर. एका भक्तनिवासात जागा मिळाली. भाडं इतकं कमी की भाऊजींना संशय आला.

चावी देताना म्हातारे व्यवस्थापक म्हणाले, "पानी जपून वापरा भाऊ. टाकी संध्याकाळलोक पुरली पाह्यजे." भाऊजींनी मान डोलावली आणि पाच मिनिटांत अंगाला साबण लावून गाणं म्हणू लागले. नळ अर्थातच सोडलेला. गाणं दोन कडव्यांचं होतं म्हणून टाकी वाचली.

व्हरांड्यात प्लग एकच. त्याच्याभोवती डझनभर मोबाइल चातकासारखे बसलेले. परक्याचा फोन बारा टक्क्यांवर असताना काढून आपला लावायचा, ही कला इथे सहकुटुंब चालते. घोरणाऱ्याला मी माफ करतो, तो बिचारा झोपेत असतो. पहाटे चारला मोबाइलवर आरती लावणारा मात्र चांगला जागा असतो. शिवाय देवासाठी उठणाऱ्याचं धोतर नेहमी प्लास्टिकच्या पिशवीतच असतं आणि ती पिशवी खोलीतल्या सगळ्यांना उठवल्याशिवाय उघडत नाही.

आमच्या पंख्याच्या पात्यावर एका कैलासवासी आजोबांचं नाव होतं, 'यांच्या स्मरणार्थ'. पंखा चालू ठेवून दर्शनाला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांना विनाकारण गरगरवत ठेवणं. एवढं म्हटल्यावर भाऊजी उठून बटण बंद करून आले.

शेजारच्या खोलीत नांदेडकडची एक बंजारा आजी उतरली होती, सेवालाल महाराजांच्या दर्शनाला पोहरादेवीला निघालेली. रामनवमीच्या यात्रेची गर्दी नको म्हणून मागाहून आलेली. निघताना तिने खोली झाडली, केर पुडीत बांधला, बादली विसळून पालथी घातली. भाऊजींना राहवेना. "आजी, झाडायला माणूस आहे की इथे!"

"हाव बापू," आजी म्हणाली, "मी बी माणूसच हाय ना."

भाऊजी गप्प झाले. हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडतं. मग कोणी न सांगता त्यांनी आमची बादली विसळली. विसळायला पाणी जरा जास्तच घेतलं, पण सवय एका दिवसात जात नाही.

माझं मत विचाराल तर, हॉटेलात गैरसोय झाली की भांडायला मॅनेजर असतो. भक्तनिवासात आपल्यानंतर येणाऱ्याला भांडायला आपण सापडत नाही, कारण आपण तोवर महामार्गाला लागलेले असतो.

कारंज्याला जरूर जा. सोहोळच्या अभयारण्यात काळवीटही पाहा. आणि जाताना घरचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, सगळ्यांना पुरेल असा.