काय लागतंय?

कॉफी मागवल्यापासून ती समोर येईपर्यंत ज्याचं व्याख्यान ऐकावं लागतं, असा एक तरी नातेवाईक हल्ली प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे हे पद मेहुण्यानं सांभाळलंय. पुण्यात प्रभात रोड, बाणेर, कोरेगाव पार्क, जिथे म्हणून कुणी कॉफी थेंबाथेंबानं गाळत असेल, तिथे तो आपल्याला ओढून नेतो.

आधी येतं कार्ड. चिकमगळूरच्या मळ्याची उंची, झाडाचा वाण, फळ सालीसकट वाळवलं की धुऊन, बी भाजल्याची तारीख. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी माझी इतकी चौकशी केली नव्हती. आणि त्या मुलीकडच्यांत हाही होता.

मग काउंटरवरचा दाढीवाला मुलगा १५ ग्रॅम बिया तोलतो. काटा किंचित पुढे गेला, तर एक बी परत काढतो. कागदाची चव उतरू नये म्हणून फिल्टर गरम पाण्यानं धुतो. ६० अंशांच्या शंकूत पूड पडते, लांब चोचीच्या किटलीतून ९३ अंशांचं जरासं पाणी पडतं आणि सगळं थांबतं. ताज्या भाजलेल्या बियांमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून पूड फुगते. याला ब्लूम म्हणतात. या अर्ध्या मिनिटात बोलायचं नसतं. मी एकदा साखरेचं विचारलं, तेव्हा त्या मुलानं मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्यानं फरशीकडे.

शेवटी कॉफी येते. काळी, पातळ. मी घोट घेतो न घेतो तोच मेहुणा पुढे सरसावतो.

"दाजी, काय लागतंय?"

"कॉफी" हे उत्तर चूक असतं. संत्रं चालतं, मोगरा चालतो, मनुका, गूळ, जर्दाळूही चालतो. कॉफीत कॉफी लागलेली मात्र चालत नाही. एकदा वैतागून मी "ओली गोणपाटं" म्हणालो, तर त्यानं खिशातून वही काढून लिहून घेतलं.

कॉफीपुरतं असतं तरी सोसलं असतं. सत्यनारायणाचं तीर्थ देणाऱ्या गुरुजींनाही यानं विचारलं, "तुम्हाला काय लागतंय? मला केळं जरा पुढे वाटतंय." दाताच्या डॉक्टरांनी दाढ कोरताना "लागतंय का?" म्हणून विचारलं, तर उघड्या तोंडानं हा म्हणाला, "लवंग."

१९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं मुलाच्या वहीतला टीपकागद लावून कॉफी गाळली आणि कागदी फिल्टर जन्माला आला, ही गोष्ट तो प्रत्येकाला सांगतो. सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरानं अभ्यास केला असता तर कागद उरला नसता."

हे सगळं मी व्यवस्थित मनात धरून होतो. पण सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घोटाळा झाला. त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं. आम्ही सगळे त्यांना रोज विचारायचो: औषध घेतलं? झोप लागली? पोट साफ झालं? मान हलवली की संपलं.

मेहुण्यानं किटली आणि काटा त्यांच्या पलंगाशी मांडला. कॉफी गाळली, दोन घोट पाजले आणि विचारलं, "बाबा, काय लागतंय?"

बराच वेळ गेला. मग सासरे म्हणाले, "मिरज."

मी हसणार होतो. मेहुण्यानं वहीत लिहिलं, "मिरज," आणि पुढे विचारलं, "मिरजेत काय?" हळूहळू, अडखळत बाहेर आलं: रेल्वेतली नोकरी, बंगलोरकडची मीटरगेजची गाडी, तिकडून येणारा एक ड्रायव्हर, त्याच्या पितळी डब्यातली चिकोरीची कॉफी, पहाटेची थंडी. जेवणाची पानं घेतली तरी त्यांचं संपलं नव्हतं. उभ्या आयुष्यात ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. अर्थात मीही त्यांना असं काही विचारलं नव्हतं, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच असेल.

चिकोरीचं नाव काढलं तरी टेबलावरून उठून जाणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी चिकोरी घातलेली पूड घेऊन आला. तीही काट्यावर तोलून. वर भरपूर दूध, दोन चमचे साखर. सासऱ्यांनी ती बशीत ओतायला लावली आणि फुर्र करून प्यायले. ९३ अंश बशीत गेले, तरी मेहुणा चकार शब्द बोलला नाही.

ही सवलत फक्त त्यांना. मला अजूनही संत्रं सापडेपर्यंत खुर्चीवरून उठू देत नाही.