कुणाच्या टीव्हीवर कुणाचं खातं

काय सांगू तुम्हाला, आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडणं बंद झालीत! चेअरमनसाहेबांचाच विश्वास बसत नाहीये. गच्चीच्या गळतीचा विषय परवाच्या सभेत चहा यायच्या आत उरकला, कारण सगळ्यांना खाली बाकावर येऊन बसायची घाई. आणि बाकावर प्रश्न एकच, "तुमच्या यादीत कोण कोण निघालं?"

यादी कसली, तर स्ट्रीमिंगच्या खात्यातली. सेटिंगमध्ये खोल शिरलं की उपकरणांचं एक पान सापडतं. आपलं खातं कुठल्या टीव्हीवर, कुठल्या फोनवर उघडं आहे, शेवटचं कधी चाललं, कुठल्या गावात चाललं, सगळं ओळीनं मांडलेलं. पुढे 'साइन आउट'चं बटण. या पानाकडे पूर्वी काळं कुत्रं फिरकत नसे. आता माणसं रात्री ओटा आवरला की आधी ते उघडतात, मग दाराची कडी बघतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या यादीत चक्क नागपूरचा टीव्ही सापडला. नागपुरात त्यांचं कुणीही नाही. खोदून खोदून चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. काकूंनी पासवर्ड दिला भाच्याला, भाच्यानं रूममेटला, रूममेटचं लग्न झालं आणि पासवर्ड त्याच्याबरोबर सासुरवाडीला गेला. आता काकूंच्या पैशांवर नागपुरातले कुणी अनोळखी सासरेबुवा कोरियन मालिका बघतात! काकू हे सांगताना कपाळावर हात मारून घेतात, पण बटण काही अजून दाबलेलं नाही. "चौदाव्या भागावर आलेत हो ते, शेवट तरी बघू दे." बघा आता. चोर सापडला तर त्याला चहा पाजणारी आपली माणसं!

तशी ही खोड लावली कुणी? १० मार्च २०१७ रोजी नेटफ्लिक्सनं स्वतःच्या ट्विटर खात्यावरून जाहीर केलं होतं की पासवर्ड वाटणं म्हणजे प्रेम. शेजाऱ्याचा पेपर आधी आपण वाचून मग त्याच्या कडीला अडकवणाऱ्या लोकांना हे शिकवायची काही गरज होती का? पण शिकवलं. आपणही मनापासून प्रेम केलं. आणि पाच वर्षांत या बाईसाहेबांचा नूर पालटला! एप्रिल २०२२ मध्ये भागधारकांना पत्र गेलं की तीन महिन्यांत २ लाख वर्गणीदार घटले, दहा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. त्याच पत्रात हिशेबही मांडला होता. पैसे भरणारी घरं २२ कोटींवर, आणि शिवाय १० कोटींहून जास्त घरं दुसऱ्याच्या पासवर्डवर बघताहेत. इतकी वर्षं हे ठाऊक नव्हतं होय? वर्गणीदार वाढत होते तोवर प्रेम, घटले की लगेच चोरी.

मग वसुली सुरू. आधी चिली, कोस्टा रिका आणि पेरूत प्रयोग, २०२३ च्या फेब्रुवारीत कॅनडा, न्यूझीलंड, स्पेन, पोर्तुगाल, मे महिन्यात अमेरिका. तिथे घराबाहेरचा एक माणूस खात्यावर ठेवायचा तर तेव्हा महिन्याला ७.९९ डॉलर जादा पडायचे. न्यू जर्सीत राहणारी आमची नणंद अजून सगळं रुपयांत मोजते. तिनं फोनवर आकांत मांडला, "अगं, एका पोरामागे साडेसहाशे रुपये! तुमच्याकडे तेवढ्यात सगळ्यात महागडी योजना येते." खरंच येते, ६४९ ला. लोकांनी बोटं मोडली, खातं बंद करू म्हणून धमक्या दिल्या, आणि त्या एप्रिल ते जूनच्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे वर्गणीदार ५९ लाखांनी वाढले. म्हणजे चारचौघांत ओरडायचं आणि घरी जाऊन गपचूप कार्डाचा नंबर टाकायचा, हे तिकडेही चालतं म्हणायचं.

आपली पाळी आली २० जुलै २०२३ ला. इथे तर आणखी कहर. पैसे भरून बाहेरचं माणूस ठेवून घ्यायची सोयच आपल्याला दिली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तुमचे दर उतरवलेत ना, मग ज्याचं त्यानं खातं घ्या, असं सरळ कंपनीचं म्हणणं. दंड भरून पाप करायची मुभासुद्धा नाही!

आणि घर कशाला म्हणायचं, हेही आता तिकडूनच ठरतं. टीव्ही ज्या इंटरनेटला जोडलेला, ते घर. हॉस्टेलवर राहणारी पोटची पोर बाहेरची, आणि वायफाय वापरणारा पेइंग गेस्ट घरचा. आपण फिरतीवर असलो की चार आकडी कोड मागवायचा. तो येतो खातेदाराच्या मोबाइलवर नाहीतर ईमेलवर, आणि पंधरा मिनिटांत टाकला नाही तर बाद. आमच्याच मजल्यावर गेल्या श्रावणात सत्यनारायण होता. चौथा अध्याय रंगात आलेला, यजमानीणबाई हात जोडून बसलेल्या, आणि त्यांच्या नऊवारीच्या ओच्यात फोन थरथरायला लागला. साताऱ्याचे दीर. एकदा कापला, दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाईंनी पदराआड उचलला. पलीकडून आवाज एवढा मोठा की भटजींनाही ऐकू गेला, "वहिनी, कोड आला का? लवकर सांगा, आठच मिनिटं राहिलीत!" भटजी थांबले. म्हणाले, "सांगून टाका, नाहीतर ते परत फोन करतील." बाईंनी भरपूजेत चार आकडे सांगितले. बाजूला बसलेल्या निम्म्या बायकांचे ते पाठ झाले. आता बोला!

बरं, या सगळ्या बोभाट्यात मूळ गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरलेलीच नाही. किती ठिकाणी खातं उघडं ठेवता येतं हा एक हिशेब, आणि एका वेळी किती ठिकाणी बघता येतं हा दुसरा. नेटफ्लिक्सच्या १४९ आणि १९९ च्या योजनांत एका वेळी एकच पडदा, ४९९ मध्ये दोन, ६४९ मध्ये चार. खातं मात्र घरातल्या सगळ्या फोनांवर उघडं असू शकतं. म्हणून तर मॅचच्या रात्री ऐन शेवटच्या षटकात 'जास्त लोक बघत आहेत' असं काहीतरी येतं आणि घरात एकमेकांकडे संशयानं बघणं सुरू होतं. ॲमेझॉनचा प्राइम व्हिडिओ त्याच्याही पुढचा. जानेवारी २०२५ पासून भारतात पाच उपकरणं, आणि त्यांत टीव्ही जास्तीत जास्त दोन. फक्त दोन! ज्या घरात हॉलमध्ये एक, सासू-सासऱ्यांच्या खोलीत एक आणि धाकट्या जावेच्या बेडरूममध्ये एक असे तीन टीव्ही आहेत, त्या घरात काय झालं असेल ते मी वेगळं सांगायला नको. सोन्याच्या वाटणीत जी जाऊ हसतमुख राहिली होती, ती तिसऱ्या टीव्हीवरून माहेरी जाऊन आली.

पासवर्ड बदलला की सगळे आपोआप बाहेर पडतात, हीही एक भोळी समजूत. बऱ्याच ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' ही खूण वेगळी करावी लागते. गोव्याच्या व्हिलामधल्या टीव्हीवर मोठ्या हौसेनं लॉगिन करायचं आणि चेकआउटच्या गडबडीत चार्जर तेवढा आठवणीनं उचलायचा, खातं तिथेच! मग पुढच्या पर्यटकांनी आपल्या 'किड्स'च्या प्रोफाइलवर काय काय लावलं, ते आपल्याला घरी बसून कळतं. जुना टीव्ही विकतानाही हेच. रिमोटच्या बॅटऱ्या काढून घेतात लोक, खातं ठेवून देतात.

आता सगळ्यात खमंग ऐका. तळमजल्यावरचे एक गृहस्थ कंपनीच्या कामाला नाशिकला गेले. बायकोनं यादी उघडली, तर नवऱ्याच्या फोनपुढे गाव मुंबई! माहेरची माणसं गोळा झाली. गृहस्थ परत आले ते थेट पंचायतीपुढे, हॉटेलचं बिल, टोलच्या पावत्या, सगळं टीपॉयवर मांडलं. वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा बोलावला तेव्हा कुठे सुटका. यादीतलं गाव इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजानं काढलेलं असतं, आणि मोबाइलचं नेटवर्क माणसाला कुठल्याही शहरात बसवू शकतं. बायकोला पटलं. मेव्हण्याला अजून पटलेलं नाही, असं ऐकते.

आणि लॉगआउटची ज्येष्ठता पाहिलीत का? जागा कमी पडली की आधी ऑफिसातला मित्र उडतो. मग भाचा. मग चुलतदीर, तेही एकदा व्हॉट्सॲपवर 'ॲपमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे' असं कळवून. जावयाला हात लावायची मात्र कुणाची छाती नाही. एका घरात तर सासरे स्वतःच्या खात्यातून स्वतः बाहेर पडले, कारण जावईबापूंची मालिका चालू होती. धोंड्याच्या महिन्यात द्यायच्या वाणात आता एक पडदाही धरायचा की काय!

पण या सगळ्यावर कडी केली ती आमच्या सासूबाईंनी. इतकी वर्षं त्या हॉलमधल्या टीव्हीवर आम्ही लावू ते बघत होत्या. गेल्या महिन्यात त्यांनी पेन्शनमधून, कुणालाही न विचारता, स्वतःच्या फोनवर १४९ ची योजना घेतली. एकच पडदा, तोही फोनचा, टीव्हीवर दिसतच नाही, त्यामुळे मागायला तोंड नाही. पासवर्ड कुणाला माहीत नाही. दुपारी दार लोटून, कानात इअरफोन घालून दीड दीड तास बसतात. नातवानं लाडीगोडी लावून बघितली, तर म्हणाल्या, "तुझा तू घे."

नणंदेचा अमेरिकेहून दोनदा फोन येऊन गेला. धाकटे दीर मुद्दाम पुण्याहून येऊन राहिले. सगळ्यांची चिंता एकच, आई बघते तरी काय?